कोपऱ्यातलं कॅबिनेट

— ते राहू द्या हो. तो कोपरा आत्ता बघायचाच नाही. बोट लावू नका स्क्रीनला, डाग पडतात — म्हणलं ना, चुकून आलंय ते. कंपाउंडच्या कोपऱ्यात किचनचं कॅबिनेट कशाला असंल? अं? बार्बेक्यू? हसायलात तुम्ही. म्हणजे बाहेर ओट्यावर कोंबडी भाजायची आणि दोस्तमंडळी भोवती खुर्च्या टाकून बसणार, तसलं? पुण्यात बघितलं असणार कुठंतरी. बरंय. जळकोटच्या उन्हात कोंबडी नुसती बाहेर ठेवली तरी कोळसा लागायचा नाही. कोपऱ्याचं बोलायचंय मला, त्याचसाठी तर तुम्हाला आज बोलावून घेतलं. तुम्ही फोनवर म्हणलात, अण्णा, त्या टोकाला दगडांचा ढीग आहे, सोमवारी जेसीबी येतोय, सगळं सपाट करून घेतो. ते सोमवारच्या आधी ठरवायचंय. पण आधी मी कॉम्प्युटरवर काढलेलं घर बघा. घर बघायला आलात ना अमरसिंह साहेब? मग घर बघा.

हे छप्पर. तुम्ही फोटो पाठवलता त्याबरहुकूम केलंय — लाल कौलं, चारी बाजूंनी उतार, पोर्चवर अजून एक पिल्लू छप्पर. केरळातलं घर आहे ते, ठाऊक आहे ना? तिथं पाऊस थांबत नाही म्हणून बिचारे उतार ठेवतात. आपल्याकडं कधी पडतो? सोयाबीन काढायच्या टायमाला पडतो, एरवी आभाळाकडं बघण्यात जन्म गेला आपला. आणि त्या आभाळासाठी तुम्ही उतार करून ठेवायलात. ठेवा, मला काय. भिंती निवडायच्या, बटण दाबायचं, छप्पर आपसूक बसतंय — गवंडी नको, सेंट्रिंग नको. पण एक विचारू? तुमच्या मातोश्री, द्वारकाबाई, त्या कुरडया कुठं घालणार? कौलावर? चैत्र लागला की आपल्या मुरुम गावच्या सगळ्या गच्च्या पांढऱ्या होतात — कुरडया, सालपापड्या, शेवया — आणि तुमच्या मातोश्री पोर्चच्या छपराला शिडी लावून कुरडई घालायलेत, असं काढून दाखवू का चित्र? बरं, मे महिन्यात लाईट गेल्यावर झोपणार कुठं? ह्या उतारावर अंथरूण टाकलं तर सकाळी खाली गाडीच्या टपावर सापडाल. इन्व्हर्टर? व्हय, इन्व्हर्टर आहे तुमच्याकडं. मग कुरडया इन्व्हर्टरवर वाळवा.

रागावू नका. हे माझं नाहीच. महानंदा म्हणायची हे. महानंदा म्हणजे माझी बायको — जिल्हा परिषदेच्या शाळेत शिकवायची, उन्हाळ्यात सकाळची शाळा असली की दुपारी डबा घेऊन इकडं यायची, आणि तिथंच बसायची, तुम्ही बसलात त्या खुर्चीत — बसा, बसा, उठता कशाला, खुर्चीच आहे — मी जेवायचो आणि ती स्क्रीनवरची घरं बघायची. बघायची कसली, तपासायची. वही तपासावी तशी. ही बाई बघा, ही गोरी, हॉलमधे पर्स घेऊन उभी आहे ती — सॉफ्टवेअरमधे फुकट मिळती, घर केवढं मोठं आहे हे कळावं म्हणून उभी करायची असती — तर हिला बघून महानंदा म्हणायची, अहो, ही हितं राहते का घर भाड्यानं बघायला आलीय? रोज बघते मी, ही एकदा खाली बसलेली दिसत नाही. तुमची घरं सगळी ह्या बाईसाठी, म्हणायची. बसत नाही, जेवत नाही, हिला आई नाही, हिला वाळवण नाही. — आणि मी जेवत राहायचो. गिऱ्हाईकापुढं बोलत नव्हती ती, तेवढं भान होतं. गिऱ्हाईक गेलं की बोलायची.

रेलिंग बघा आता. काच. बाल्कनीला काच, जिन्याला काच, गच्ची नाही म्हणून गच्चीची काच वाचली. हायवेच्या कडेला प्लॉट, चोवीस तास ट्रक, आणि काचेचं रेलिंग. पुसणार कोण, तुमच्या मिसेस, शिवांजलीताई? त्या म्हणल्या होत्या ना फोनवर, रेलिंग दिसायला नको, नुसता व्ह्यू पाहिजे. कसला व्ह्यू? समोर टायर पंक्चरचं दुकान आहे, त्याच्या पलीकडं उसाचा रस. तो व्ह्यू मोकळा राहावा म्हणून काच. — नाही, स्टीलचंही नका करू, स्टीलचं रेलिंग मे महिन्यात धरलं तर हात तिथंच ठेवून खाली यावं लागंल. येरमाळ्याचा एक जण आलता, त्याला रेलिंगमधे मोर पाहिजे होते. एक मोर नाही, एकमेकांकडं तोंड केलेले मोर, अख्ख्या बाल्कनीभर. काढले मी. फॅब्रिकेशनवाला तौसिफ आहे ना आपला, त्यानं चित्र बघितलं, म्हणला, अण्णा, तुमच्या कॉम्प्युटरमधे काय, सगळंच उभं राहतंय, माझ्या वेल्डिंगनं ह्या मोरांच्या माना राहायच्या नाहीत. नाहीच राहिल्या. आता त्या बाल्कनीत अर्धे मोर आहेत, अर्ध्या कोंबड्या. तर एकूण काय, लोकांना जे बघितलं ते पाहिजे. लागतंय काय, ते कुणी विचारत नाही. मला विचारलं तर सांगीन ना. मला कुणी विचारत नाही, मला फोटो पाठवतात.

किचन तर बघूच नका — नाही, बघा, तुमचंच आहे. वरपर्यंत कॅबिनेटं, छताला भिडवलेली, कड्या नाहीत, दाबलं की उघडणारी. वरच्या कप्प्यातला डबा काढायला द्वारकाबाई स्टूल घेणार का पोर्चवरची तीच शिडी आत आणणार? ह्या ओट्याची उंची सॉफ्टवेअरनं आपली आपण धरलीय, कुठल्या देशातल्या बाईची धरलीय देव जाणे, त्याच्यापुढं उभं राहून भाकरी थापायची म्हणलं तर खांदे कानाला लागतील. महानंदानं एकदा पट्टीच आणली शाळेतनं, ह्या टेबलाला लावली, आणि म्हणली, जरा उभे राहा, थापा भाकरी. मी थापली हो. हवेत. ती हसली, मग म्हणली, आता पन्नास थापा, मग बोला. — भाकरी नसते तुमच्याकडं? पीठ पाकिटाचं आणता. ज्वारीच नाही घरात. जळकोटला रान घेतलं आणि ज्वारी पाकिटातली.

काय करायलात? — माऊस द्या इकडं. वरनं बघायचंय? टॉप व्ह्यू? कशाला, आत फिरवतो की तुम्हाला, अजून पूजेची खोली राहिलीय, दिवे लावून दाखवतो — बरं. घ्या. बघा वरनं.

व्हय. दिसतंय मला. कंपाउंड तिथं सरळ जात नाही. आत वळलंय, एवढंसं, आणि परत बाहेर आलंय. नाही, सॉफ्टवेअरची चूक नाही. सॉफ्टवेअर चुकत नाही, त्याला तेवढी अक्कल नसते. मीच वळवलंय. तुमचा कोपरा मी भिंतीच्या बाहेर काढलाय, तुम्हाला न विचारता, आणि सकाळपासून तुम्हाला छप्पर नि मोर दाखवायलोय. आरडू नका. मी सांगतो. त्याच्यात लपवण्यासारखं काही नाही, नुसतं तुमच्या तोंडापुढं सांगावं लागतंय, तेवढंच जड आहे. तुम्ही ज्याच्याकडनं रान घेतलं तो सिद्धाराम, माझा थोरला भाऊ — तुम्हाला म्हणला ना, घर काढायचं तर आमच्या गुरुलिंगकडं जावा, घरचाच आहे? मला तेव्हा वाटलं, वा, भावानं गिऱ्हाईक धाडलं. आता कळायलंय कशाला धाडलं. त्याच्या तोंडातनं निघत नव्हतं, म्हणून तुम्हालाच माझ्या दारात आणून सोडलं. तुम्हाला काय सांगितलं त्यानं, दगडं आहेत, काढून घ्या? दगडं आहेत. बरोबर आहे. दगडं मीच ठेवलीत. खाली महानंदा आहे.

— पाणी पाहिजे का? तिथं जार आहे, घ्या.

आमच्यात जाळत नाहीत, ठाऊक असंलच तुम्हाला. बसवतात. माणूस बसलेला असतो, हातात लिंग, अंगाला विभूती, जसं घरात पूजेला बसावं तसं. आणि ज्याचं रान त्याच्या रानात. गेल्या श्रावणात गेली ती. शाळेतनं आली, डोकं दुखतंय म्हणली, उमरग्याला नेईपर्यंत — ते जाऊ द्या. पाऊस होता, तो नेमका होता. आमच्या वडिलांची जागा आत, विहिरीजवळ, तिथं न्यायची ठरवली. पण काळं रान, सगळा चिखल, ट्रॅक्टर बांधावरच रुतला. माणसांचे पाय निघंनात. मग सिद्धारामच म्हणला, गुरुलिंग, हितं रस्त्याच्या कडंला मुरमाड पट्टी आहे, टणक आहे, हितं बसवू. मला काय सुचत होतं? मी म्हणलं, बसवू. तेव्हा रान एकच होतं हो. वाटणी दिवाळीनंतर झाली. रस्त्याकडचं थोरल्याला, विहिरीकडचं धाकट्याला, असाच दस्तूर आमच्या घरात, आणि वाटणीला बसलेल्या कुणाच्याच लक्षात आलं नाही — नाही, सगळ्यांच्या लक्षात होतं, कुणी बोललं नाही. भाऊ आहे, जाणार कुठं, असं वाटलं. वर बांधकाम लगेच करत नाहीत, माती बसावी लागती, काळ्या रानाच्या कडंची माती, एक पावसाळा खाल्ल्याशिवाय बसत नाही. म्हणून नुसती दगडं. हा पावसाळा झाला की बांधणार होतो. त्याच्या आत भावानं विकलं आणि तुम्ही घेतलं. तुमचा दोष नाही. तुमचा दोष फक्त छपराचा आहे.

आणि कॅबिनेट म्हणजे — कसं सांगायचं तुम्हाला. समाधी बांधायची म्हणून मी इथं काढायला बसलो. एवढी घरं काढतो, ही काढता येणार नाही का? ह्या सॉफ्टवेअरमधे वस्तूंची यादी आहे, बघा, ही, सरकवा खाली — बाथटब आहेत, कसले कसले आहेत, पाय असलेले, गोल, दोघांना बसायचे. कुत्र्याचं घर आहे. दारू ठेवायचं कपाट आहे. समाधी म्हणून शोधलं, काही नाही. इंग्रजीत शोधलं, तर मला दिवाणखान्यातली शेकोटी दाखवली. जगातली सगळी घरं ज्यांनी ह्याच्यात घातली त्यांच्या घरात कुणी मेलेलंच नाही. मग मी काय केलं, किचनचं खालचं कॅबिनेट घेतलं. चौथऱ्याच्या मापाचं तेवढंच होतं. रंग दगडाचा दिला. पण ड्रॉवर जाईनात, त्या कड्याही जाईनात, म्हणून तशाच आहेत — त्या तुम्ही बघितल्या. भोवती जिन्याचं रेलिंग लावलं, सगळ्यांत साधं, उभ्या सळया. आणि वर छप्पर घालायला गेलो तर बसंना. भिंती निवडा, म्हणतंय. भिंती नसल्या तर छप्पर घेतच नाही ते. मग चार बाजूंनी भिंती घातल्या आणि त्या पारदर्शक केल्या. दिसत नाहीत, पण आहेत. हे असं रोज थोडं थोडं करायचं. तुमचा प्लॅन आला तेव्हा जागा तीच, मापं तीच, म्हणून ते उचलून ह्यात ठेवलं, भिंत वळवली, म्हणलं, दाखवताना हा थर बंद करू, म्हणजे तेवढं दिसायचं नाही. आणि विसरलो. तुम्ही दार उघडून आत आलात, मी विसरलो. तुम्हाला बार्बेक्यू दिसलं.

नाही, माफी नका मागू. तुम्हाला काय ठाऊक. बार्बेक्यू ऐकून तीसुद्धा हसली असती.

काय म्हणता? — हलवायची. म्हणजे? दुसरीकडं. रीतसर, स्वामींना बोलावून, पूजा करून, विहिरीजवळ नेऊ, जे काय लागंल ते तुम्ही बघता. समजलं. चांगल्या मनानं म्हणायलात, ते दिसतंय मला. इकडं बघा. ही वस्तू निवडली. हे निळं झालं ना? आता धरायचं, ओढायचं, सोडायचं. झालं. हलली. विहिरीजवळ गेली. आता इकडं ओढतो, आली तुमच्या पोर्चमधे. आता नेली पूजेच्या खोलीत. बेडरूममधे ठेवू? सगळीकडं बसती, कुठं अडत नाही, रेलिंग, छप्पर सगळं बरोबर येतंय, एक कौल हलत नाही. आहे का नाही मजा? तुमच्या सगळ्यांच्या डोक्यात हेच चालू असतंय बघा — भिंत इकडं घेऊ, जिना तिकडं घेऊ, बाई हलवू. साहेब, श्रावणापासून ती बसलीय तिथं. बसलेल्या माणसाला उठ म्हणायचं असंल तर निदान ते ऐकंल असं तरी असावं लागतंय. फावड्यानं उठवणार का तुम्ही? तुमचा जेसीबीवाला उठवणार? सोमवारी?

मी तुम्हाला भीती घालू शकलो असतो. सोपं होतं. म्हणलं असतं, त्या कोपऱ्यात भूत आहे, वास्तूला दोष आहे, पोराबाळांना चांगलं नाही — तुम्ही आजच्या आज भिंत दहा हात मागं घेतली असती, वर शांत केली असती. शिवांजलीताईंनी तर प्लॉटच विकला असता. तुमच्यासारखी शिकलेली माणसं सगळ्यांत आधी घाबरतात. पण महानंदाला भूत म्हणायचं, भिंतीच्या तेवढ्या तुकड्यासाठी? पोरांना शाळेत सांगायची ती, भूत नसतंय रे, दाखव मला कुठाय. आणि तिलाच भूत करून उभी करायची? नाही केलं. आठवडाभर रोज मनात आलं, नाही केलं. म्हणून मग हे असलं, भिंत गुपचूप वळवायचं. हे तरी कुठं शोभणारं आहे? पण विचारायचं कसं, ते मला जमत नाही. तुमच्यासारख्या माणसाकडं काही मागायचं म्हणजे — म्हणजे काच लावणारा, कौलं घालणारा, पाकिटाचं पीठ — राहू द्या. बोलतोय म्हणून बोलतोय. पूर्वी मी असा बोलत नव्हतो हो कुणाला. विचारा मुरुममधे. गुरुलिंगअण्णा म्हणजे गरीब गाय, मोर म्हणलं की मोर, वाघ म्हणलं की वाघ. बोलायचं काम तिचं होतं. ती गेल्यापासून गिऱ्हाईक समोर बसलं की माझ्या तोंडातनं तिचंच निघतंय, ओटा उंच, कुरडया कुठं, ही बाई बसत का नाही — थांबवलं तरी थांबत नाही. लोक उठून जातात. एकजण म्हणला, अण्णा, तुम्हाला लोकांची घरं बघवंनात का आता? मी म्हणलं, पूर्वीही बघवत नव्हती. ते खोटं होतं. मला आवडायची घरं. ते मोरसुद्धा मला आवडले होते, तिला सांगितलं नाही.

तुम्ही उठून गेला नाहीत, ते मात्र खरं. जायचं होतं. बसलात. का बसलात? एसीसाठी?

काय म्हणलात? — परत म्हणा.

म्हणजे भिंत राहू दे आतच. अशीच, वळलेली. असंच? विचारून नाही बघणार शिवांजलीताईंना? मातोश्रींना? जमीन त्यांच्या नावावर आहे — त्या नाही म्हणणार नाहीत, व्हय? तुम्हाला काय ठाऊक नाही म्हणणार नाहीत ते. बरं. बरं, ठाऊक असंल. पण नीट बघा तरी, तुमचा कोपरा जातोय, गाडी वळवायला अडचण होईल, पुढं कुणी विकत घेतलं तर म्हणंल, ही भिंत अशी वेडीवाकडी का? तुमचं एलिव्हेशन बिघडतंय. त्या काचेला, कौलांना शोभायचं नाही ते शेजारी. मी कशाला समजवायलोय तुम्हाला उलटं? थांबा, मला जरा — एवढ्यावर तुम्ही हो म्हणाल असं मी धरलंच नव्हतं. मी पुढचं सगळं बोलायचं ठरवून ठेवलं होतं. सोमवारी तिथं जाऊन बसणार होतो, जेसीबीच्या पुढं, तेही सांगणार होतो. आता ते कुठं ठेवू?

बांधूनही देता? तुमच्या घराबरोबरच, तुमच्याच गवंड्याकडनं? नाही. नाही, थांबा, तुमचा गवंडी म्हणजे — तो टाईल लावंल. चकचकीत टाईल, बाथरूमसारखी. टाईल लावायची नाही. ग्रॅनाईट नाही, त्याच्यावर ऊन आलं की डोळे दिपतात. लायटिंग नाही. त्या एलईडीच्या निळ्या पट्ट्या तर अजिबात नाही. स्टीलचं रेलिंग नाही, सोनेरी रंग नाही, खांबांवर वेली नाही, वर कळस नाही — तिला तसलं नको होतं काही. तिचा फोटो छापलेली फरशी नाही, असते तसली, मी बघितलीय, उमरग्यात करून देतात, ती नाही. काच नाही. कौलं नाहीत. नाव मोठ्या अक्षरात नाही. माझं नाव नाही खाली. हे कॅबिनेटही नाही हो, हे तर नाहीच, हे मी नुसतं —

मग काय पाहिजे, म्हणता.

…

तिला —

…

तिनं सगळ्यांचं सांगितलं. ओट्याचं सांगितलं, कुरडयांचं सांगितलं. ह्याचं काही —

तुम्ही फोन लावा. जेसीबीवाल्याला. म्हणा, कोपरा सोड, एवढंच. कुणाचं आहे, का आहे, काही सांगू नका. इथं नका लावू. बाहेर जाऊन लावा. तुमचं घर परवा बघू, नाहीतर पुढच्या आठवड्यात — जावा आता. जावा म्हणलं ना. आणि दार ओढून घ्या, धूळ येती.